गाडीचा वाटा

तोंडवली,
१६ सप्टेंबर २०२४

चि. ऋता हिस आंतोनकाकाचे आशीर्वाद.

"आंतोनाक गाडी फुकट गावली" असं सगळा गाव म्हणतो, म्हणून आधी खरा हिशोब सांगतो. तुमच्या कंपनीने वापरून बघायला दिलेली ही पिकअप अंगणात घ्यायला फाटकाचा चिऱ्याचा एक खांब पाडावा लागला. तो माझ्या बापाने स्वतःच्या हाताने घातलेला. वळायला जागा होईना म्हणून रातांब्याचं झाड गेलं. त्याची सोलं आम्हाला वर्षभर पुरायची. आता तुझी स्टेलाकाकू बाजारातून आणते आणि प्रत्येक सोलकढीबरोबर मला दोन शब्द वाढते. तिसरा गेला तो दाजी. सकाळी पडवीवर बसून चहा घ्यायचा. आता रस्त्यावरूनच विचारतो, "आसस काय रे साहेबा?" आणि उत्तराला थांबत नाही. एवढं सगळं मोजून मग म्हणा फुकट.

तू सांगितलंस तसं गाडीबद्दल फोनवर अक्षर बोलत नाही, फोटो काढू देत नाही, सगळं पत्रानेच कळवतो. पण बाजारात यायच्या आधी गाडी ओळखू येऊ नये म्हणून तुम्ही तिच्यावर जे काळं-पांढरं नक्षीचं प्लास्टिक चिकटवलंय, त्यामुळे ती दोन वाड्यांपलीकडून ओळखू येते. पोरांनी नावही ठेवलंय, ठिपक्यांच्या वासरासारखी म्हणून काबरो पाडो.

आता इंजिनाचं. हे पेट्रोलचं इंजिन रस्त्याला झकास. मालवणला बर्फ आणायला गेलो तर वितळायच्या आत परत. पण सावकाशीचं काम सांगितलं की तोंड वाकडं करतं. ओझं ओढायला लावलं तर रेस द्यावी लागते. रेस दिली की मागची चाकं जागच्या जागी फिरतात, नाही दिली की बंद पडतं. शिकलेल्या जावयासारखं आहे, गप्पा मारायला बरं. डिझेलचं असेल तर पाठव, मग दोन्हींतलं कुठलं ठेवायचं ते मी सांगतो.

मी इंजिनाचा माणूस नाही हे खरं. तुझा बाबा विश्राम आणि मी दुसऱ्यांच्या रापणीवर, समुद्रात टाकलेल्या जाळ्याचे दोर किनाऱ्यावरून ओढत मोठे झालो. आज जाळं माझं, होडी माझी, पर्यटकांच्या चार खोल्या माझ्या, हे सगळं या कानांच्या जिवावर. बाजारात कोण कोणाला काय भाव बोलला, ते मी पाठ फिरवून उभा असताना ऐकतो. आणि रापणीवर माझं एकच आहे: दोरावरच्या कुणीही 'राव' म्हटलं, थांब म्हटलं, की दोर थांबला पाहिजे. म्हणणारा कोण ते बघायचं नाही. लाटांचा कितीही आवाज असो, 'राव' म्हटलेलं आंतोनाला ऐकू आलं नाही आणि तो थांबला नाही, असं आजवर झालेलं नाही. विचार कुणालाही.

कालची गंमत. एक पाहुणा फोटो काढायला म्हणून दोराला हात लावून उभा राहिला. मासे वाटताना दाजीने त्याच्याही पुढ्यात दोन बांगडे टाकले. तो म्हणे, मी तर ओढलंच नाही. दाजी म्हणाला, "हात लावलंस मा? मगे घे." त्या माणसाला कळेना की बांगडे धरायचे कुठून.

तुझी विमलाआते बरी आहे. दोरावर पाण्याजवळची पहिली जागा अजून तिचीच. गुडघे दुखतात, पण ते ती कोणाला सांगत नाही, मी चालीवरून ओळखतो.

तुझा,
आंतोनकाका

*

पुणे,
३० सप्टेंबर २०२४

आंतोनकाका, नमस्कार.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचलं. जावयाचं वाक्य आमच्या साहेबांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत, पेट्रोलचं इंजिन त्यांचं लाडकं आहे.

खरं सांगायचं तर इथे दोन तट आहेत. पेट्रोलचं इंजिन हलकं, शांत. सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. डिझेलचं जड आहे, पण अगदी मंद फिरत असतानाही पूर्ण जोर देतं. पहिल्या वर्षी दोन्हींपैकी एकच बाजारात आणायचं आहे आणि फेब्रुवारीच्या बैठकीत ते ठरेल. मी डिझेलच्या बाजूने आहे. "कोकणातली बाई, हिला ट्रकच हवा" असं माझ्यामागे म्हणतात. माझ्याकडे मत आहे, आकडे नाहीत. तुम्ही ते मिळवून द्या.

डिझेलची गाडी घेऊन पुष्कर येईल. तो आमच्याकडे दरवाजे, काचा आणि त्यांचं रबर बघतो. पोरगा भिडस्त आहे, पोटभर जेवेल याकडे लक्ष ठेवा. गाडीत एक यंत्र बसवलं आहे, किती जोराने ओढलं ते त्यात नोंदलं जाईल. कुठे आणि काय ओढलं ते मात्र तुम्ही लिहायचं. आणि काका, करारातली अट विसरू नका: रस्ता, शेत, डोंगर चालेल. पुळणीच्या वाळूत आणि खाऱ्या पाण्यात नाही. गंजाची चाचणी अजून व्हायची आहे.

आतेला म्हणावं, दिवाळीला येते. गुडघ्याला तेल लावत जा म्हणून सांगा, माझं नाव न घेता.

तुमची,
ऋता

*

तोंडवली,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. ऋता,

दिवाळीला आली नाहीस. विमलाबायने दोन दिवस फराळाचा डबा झाकून ठेवला होता, मग शेजारी वाटला. काम असेल, माहीत आहे.

डिझेल आलं आणि माझं मत झालं. बाय गो, हे इंजिन म्हणजे बैल आहे. खालच्या गियरला टाकलं आणि पाय काढून घेतला तरी मुंगीच्या चालीने पुढे जात राहतं. मागे कितीही ओझं असो, आवाज बदलत नाही, कुरकुर नाही, बंद पडणं नाही. तुझ्या त्या यंत्राने काय ते नोंदलंच असेल. काम विचारलंस तर चिऱ्यांचं. आचऱ्याच्या वाटेवर खाण आहे, तिथून चढावरून चिऱ्यांची ट्रॉली ओढतो. रोज सकाळी.

दोन सुधारणा सांगतो, त्या करून घे. मागचा हुक बंपरच्या पत्र्याला धरलाय, तो वाकला. तो चेसिसला धरा, जाड लोखंडाचा, दोराची गाठ मावेल एवढा. दुसरं दरवाजाचं. वारा फटीतून शिट्टी घालतो आणि बाहेर कोण काय बोलतो ते सगळं आत ऐकू येतं. रबर असं घट्ट करा, की काच वर घेतली की जगाशी संबंध संपला. पुष्करला सांगितलंय. त्याने वहीत लिहून घेतलं आणि चौथ्या चपातीला नाही म्हणाला.

विमलाबाय बरी आहे. जरा रुसलीय माझ्यावर, पण ती लहानपणापासून रुसतेच.

आंतोनकाका

*

पुणे,
९ डिसेंबर २०२४

आंतोनकाका, नमस्कार.

तुमच्या यंत्राचे आकडे मी पडद्यावर लावले तेव्हा सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले. एवढ्या कमी वेगात, एवढा वेळ, एवढं ओझं. चाचणीच्या मैदानावर आम्हाला हे कधी मिळालं नव्हतं. मोठ्या साहेबांनी विचारलं, "हा माणूस करतो काय?" मी ऐटीत सांगितलं, चिरे ओढतो.

तुमच्या दोन्ही सुधारणा मंजूर झाल्या. हुक आता चेसिसला आहे आणि पुष्करने दरवाजाला दुहेरी रबर केलं. मागच्या आठवड्यात तुमच्या गाडीला बसवून आला ते तेच. बाजारात येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते असेल. देशभर तुमचा हुक जाणार, काका.

एक सांगते, रागावू नका. तपासणीत ब्रेकच्या आत वाळू निघाली आणि तिच्यात शिंपल्यांचे तुकडे. आमचा माणूस म्हणाला, चिऱ्याच्या खाणीत शिंपले कुठून आले? मी म्हटलं, अंगणात वाळू टाकली असेल. मला माहीत आहे, तुम्ही पर्यटकांना पुळणीवर फेरी मारून आणता. तुमची ग्लेनिशा म्हणालीच होती, की हल्ली बाबा सकाळी गाडी घेऊन समुद्रावर असतात. पुरे करा आता. गंज धरला तर माझी पंचाईत.

आणि आतेचं काय चाललंय? फोनवर म्हणाली, मासे सोडले. उपास आहे का विचारलं तर म्हणाली, "तसाच समज." तिने आयुष्यात श्रावण सोडला तर मासे सोडलेले मला आठवत नाहीत. तब्येत लपवत असेल. तुम्ही जाऊन बघा. तुमच्यापासून तिला काही लपवता यायचं नाही.

ऋता

*

तोंडवली,
२८ डिसेंबर २०२४

चि. ऋता,

नाताळचा डबा वेगळा पाठवलाय. नेवऱ्या स्टेलाच्या, दोदोल ग्लेनिशाने ढवळला. ते आधी खा, मग पुढचं वाच.

तुझी आते आजारी नाही. उपासही नाही. पर्यटकांच्या फेऱ्या नाहीत आणि चिरेही नाहीत. खाणीत मी गाडी घेऊन एकदाच गेलो, तेही खोटं अगदीच खोटं असू नये म्हणून.

मी गाडीला रापण लावली.

पेट्रोलच्या गाडीने सप्टेंबरात करून बघितलं होतं, चाकं पुळणीत फिरत राहिली आणि सगळे हसले. डिझेल आलं आणि ती हसायची सोय राहिली नाही. होडी जाळं टाकून फिरून आली की एका टोकाचा दोर दाजी आणि तरणी माणसं धरतात. दुसऱ्या टोकाचा मी हुकाला बांधतो आणि मुंगीच्या चालीने गाडी वर घेतो. त्या टोकाला जी माणसं असायची, म्हातारी-कोतारी, बायका, शाळेला दांडी मारलेली दोन पोरं, त्यांना काम उरलं नाही. आणि गाडीने त्यांच्याएवढं ओढलं म्हणून त्यांचे वाटे गाडीच्या नावाने मी घेतले.

दाजीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सगळ्यांसमोर, अगदी गोडीत. "आंतोना, तुझ्या गाडयेक हात किती ते सांग. तितके वाटे घालतंय." सगळे हसले, मीही हसलो, आणि माशांची पाटी गाडीत ठेवली. तेव्हापासून रोज काही ना काही असतं. मुद्दाम मला ऐकू जाईल असं बोलतात. दरवाजाचं रबर मी कशासाठी घट्ट मागितलं, ते आता तुला कळेल. वाऱ्याची शिट्टी मला काय नवीन आहे?

विमलाबाय रोज येते. पाण्याजवळ आपल्या जागी उभी राहते, हात पदरात घेऊन, रापण संपेपर्यंत. मग जाते. मी काही दगड नाही. पहिल्या दिवसापासून तिच्या दारात बांगडे पाठवले, एकदा तर सुरमई. सगळे परत. शेवटी मी स्वतः घेऊन गेलो. ती चुलीपुढे होती, उठलीसुद्धा नाही.

"दोराक हात लावलंय नाय मी," म्हणाली. "मगे वाटो कसलो? आणि वाटो नाय तर ह्यां काय, भीक?"

मी म्हटलं, शेजारधर्म समज. तर म्हणाली, शेजाऱ्याने मासे दिले तर शेजारीण घेते, पण आधी माझी जागा घेतलीस ती शेजारी म्हणून घेतलीस काय? मी मासे घेऊन परत आलो. ते त्या दिवशी आमच्या घरातही कोणी खाल्ले नाहीत. स्टेलाने मांजराला घातले.

माझी बाजूही ऐक. माणसं मिळत नाहीत हे खरं आहे. तरणे गोव्याला नाहीतर पर्यटकांच्या बोटीवर. उद्या रापण बंदच पडणार, त्यापेक्षा गाडीने का होईना चालू राहिली, असं मी मनाला सांगतो. रात्री पटतं, सकाळी विमलाबाय दिसली की पटत नाही. तू तिची भाची. तू तिला समजाव. फोनवर मासे घे म्हण.

आंतोनकाका

*

पुणे,
७ जानेवारी २०२५

काका,

डबा उघडला नव्हता, कारण तुम्ही आधी खा म्हणालात तेव्हाच कळलं होतं. अजून तसाच आहे.

बाबा गेल्यावर मी शाळेत असताना आते दोरावर उभी राहून रोज वाटा आणायची. अर्धा विकून माझी वह्या-पुस्तकं यायची. ती मला कधीच म्हणाली नाही, की आपल्याकडे कुणी काही दिलं. म्हणायची, आपण आणलं. आणि तिथे हुक मी लावून दिला. माझ्या सहीने.

मी तिला मासे घे म्हणणार नाही. कोणत्या तोंडाने म्हणू?

तुम्हाला आजच्या आज थांबा म्हणायला हवं. पण बैठक पंधरा फेब्रुवारीला आहे आणि डिझेलची सगळी बाजू तुमच्या आकड्यांवर उभी आहे. मध्येच आकडे बंद झाले तर विचारतील का, आणि खरं सांगितलं तर करार मोडला म्हणून सगळेच रद्द होतील. तीन वर्षं मी या इंजिनावर घालवली आहेत. बैठक होईपर्यंत चालू राहू द्या. कागदावर चिरेच राहू द्या. बैठक झाली की त्याच दिवशी गाडी परत मागवते, आते तिच्या जागी उभी राहील, आणि मग मी तिच्यासमोर येईन.

एवढे थोडे दिवस. तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही, म्हणून काही सांगू नका.

ऋता

*

तोंडवली,
३ फेब्रुवारी २०२५

चि. ऋता,

फोनवर ग्लेनिशाने तुला एवढंच सांगितलं: आते पडली, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, जिवाला धोका नाही. कशी पडली ते मी लिहितो. तू येशील तेव्हा समोर बसून मला सांगता येणार नाही.

शनिवारची सकाळ. तारली माशांचा मोठा थवा आत शिरला होता, पाणी काळं दिसत होतं. जाळं पडलं, मी दोर हुकाला लावला आणि गाडी वर घ्यायला लागलो. विमलाबाय नेहमीसारखी उभी होती. पण त्या दिवशी तिने पदरातून हात काढला आणि दोरावर ठेवला. गाडी ओढत होती त्याच दोरावर. दाजी दुसऱ्या टोकाहून बघत होता. त्याला वाटलं, बाई जिद्दीला पेटली, आज वाटा घेतल्याशिवाय जायची नाही.

ते असेल, नसेल. पण हात ठेवल्यावर तिला दोरातून कळलं, की जाळं खाली अडकलंय. पावसाळ्यात वाहून आलेला ओंडका होता तळाला. असं अडकलं की माणसं थांबतात, दोर ढिला सोडतात, होडी जाऊन जाळं सोडवते. माणसाच्या हाताला ते आपोआप कळतं. इंजिनाला कळलं नाही. मी तुला कौतुकाने लिहिलं होतं ना, कितीही ओझं असो, आवाज बदलत नाही. बदलला नाही. पेट्रोलचं असतं तर कुरकुरलं असतं, बंद पडलं असतं आणि मी शिव्या घालत उतरलो असतो. हे चालत राहिलं. दोर ताणत गेला. विमलाबाय "राव रे, राव" म्हणून ओरडली. मग जाळं फाटून एकदम सुटलं, दोर उसळला आणि ती पाण्यात फेकली गेली.

सगळे धावले तेव्हा मी थांबलो. दाजीने दरवाजा उघडून विचारलं, "काच लावललंस काय रे?" मी होय म्हटलं. तुमच्या दुहेरी रबरामुळे बाहेरचं काही ऐकू येत नाही, ते खरंच आहे.

तिला त्याच गाडीतून मालवणला नेलं. पुढच्या सीटवर बसली होती, ओली, मोडलेला हात मांडीवर धरून. कण्हली नाही. देऊळवाड्याच्या वळणावर म्हणाली, "आज हात लावलंय मी. माझो वाटो ठेव हां."

मी म्हटलं, "जाळ्यात काय ऱ्हवला नाय गो, विमलाबाय."

मग म्हणाली, "नाय तर नाय. सगळ्यांक तितकोच मगे."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आंतोनकाका

*

पुणे,
२६ फेब्रुवारी २०२५

आंतोनकाका,

आठ दिवस मी आतेजवळ होते आणि तुम्ही रोज अंगणापर्यंत येऊन परत जात होतात. मी खिडकीतून बघत होते. हाक मारली नाही. मलाच कुणी हाक मारावी असं मी काही केलेलं नव्हतं. सात जानेवारीचं माझं पत्र तुम्ही तिला वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. मी ते शेवटी स्वतः सांगितलं. ती भात कालवत होती, डाव्या हाताने. म्हणाली, "तुझ्या बापाशीक पण काम सुरू केल्यावर थांबूक येय नाय." आणि मला वाढायला सांगितलं.

बैठकीत मी सगळं सांगितलं. चिरे नव्हते, रापण होती, मला जानेवारीपासून माहीत होतं, आणि एका बाईचं मनगट मोडलं. मला वाटलं, डिझेल गेलं आणि त्याबरोबर मीही. तसं झालं नाही. मोठे साहेब म्हणाले, जागा खोटी आहे, आकडे खोटे नाहीत. डिझेलच येणार. मी जिंकले. घरी येऊन दिवा न लावता बसले.

दोन बदल मात्र होतील. खालच्या गियरमध्ये हुकावरचा ताण एकदम वाढला तर इंजिन आपणहून थांबेल. तो बदल मी सुचवला, आणि तो तुमच्या पेट्रोलच्या जावयाकडून शिकले.

दुसरा बदल दरवाजाचा. चालकाला बाहेरची हाक ऐकू आली नाही, हे अपघाताचं मुख्य कारण म्हणून नोंदलं गेलं. दुहेरी रबर रद्द. सगळे दरवाजे पुन्हा करायचे, त्यासाठी काम लांबणार, आणि त्याचा ठपका पुष्करवर आला आहे. त्याला त्या कामावरून काढलं. तुम्हीच घट्ट मागितलं होतं असं तो एकदाही बोलला नाही. मी सांगितलं तर म्हणाला, गिऱ्हाईक काहीही मागेल, किती द्यायचं ते मला कळायला हवं होतं. मागच्या रविवारी तो एकटाच एसटीने तोंडवलीला जाऊन आतेची माफी मागून आला, तुम्हाला कळलं का? इथे जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर बसतो.

गाडी न्यायला माणसं येतील. कागदांवर सही द्या.

ऋता

*

तोंडवली,
८ मार्च २०२५

चि. ऋता,

गाडी गेली. सही दिली. जाताना पोरं काबऱ्या पाड्याच्या मागे नाक्यापर्यंत धावली.

जाळं शिवून झालं. दाजीकडे मी आपणहून गेलो, त्याच्या पडवीवर बसलो, त्याने चहा विचारला नाही आणि मी उठलो नाही. शेवटी आतून चहा आला. गाडीच्या नावाने जे वाटे मी घेतले ते परत कसे देणार, मासे तर खाऊन संपले. दाजी म्हणाला, या हंगामात जाळ्याचा वाटा तू घेऊ नको, तो त्या माणसांत घालतो. मी हो म्हटलं. ते फार झालं की थोडं, मला कळत नाही.

काल पहिली रापण झाली. दोन्ही टोकांना माणसं. विमलाबाय आली, प्लास्टर गळ्यात, डावा हात दोरावर, पाण्याजवळच्या जागी. ओढता येत नव्हतं, नुसता हात होता. तिच्या वाट्याला पाच पेडवे आणि एक बांगडा आला, सगळ्यांना तितकेच. पदरात बांधून घेऊन गेली. संध्याकाळी तिच्या घरावरून जाताना कढीचा वास आला. मी थोडा थांबलो होतो.

पुष्कर येऊन गेला ते मला माहीत आहे. मी त्या दिवशी विमलाबायच्या मागच्या अंगणात लाकडं फोडत होतो, समोर जायचा धीर नव्हता म्हणून मागून काम करतो. भिंतीपलीकडे दोघं बोलत होती, मला सगळं ऐकू आलं. तो म्हणत होता, आजी, रबर मी घट्ट केलं, म्हणून काकांना तुमची हाक पोचली नाही. तिने त्याला विचारलं, एवढं घट्ट करायला तुला सांगितलं कोणी? तो म्हणाला, कोणी नाही, माझं मीच केलं. मग तिने त्याला पेज वाढली. तो जेवताना रडत होता, तेही मला ऐकू आलं. आणि मी भिंतीच्या अलीकडे कुऱ्हाड हातात धरून उभा राहिलो. तीन पावलं टाकली असती तर झालं असतं.

तेव्हा टाकली नाहीत, म्हणून आता लिहितो. हे पत्र तुझ्या साहेबांना दाखव, पुष्करला आधी दाखव. दरवाजे बदलू नका. त्या पोराचं रबर चांगलं आहे, त्याला त्याच्या कामावर परत घ्या. विमलाबायला मी उद्या सकाळी सांगणार आहे, दोर हातात यायच्या आधी, सगळ्यांसमोर. मग ती मला दोरावर उभं करते की नाही, ते तिचं तिने ठरवायचं.

त्या शनिवारी दंव पडलं होतं. काच पांढरी झाली होती, मागचा दोर दिसेना. थवा बाहेर वळत होता, आणखी थोडं ओढलं असतं की आत आला असता. विमलाबाय रोजच काहीतरी म्हणते, तसंच म्हणत असेल असं मी ठरवलं.

काच खाली होती. सगळे धावले तेव्हा मी ती वर घेतली. तिचा 'राव' मला ऐकू आला होता.

आंतोन